आयर्लंडमधील कॅथलिक चर्च : अत्याचारांची कबुली व उपशमन

आयर्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूंनी, तसेच धर्मसंघांनी चालवलेल्या शाळा, बालगृहे व धुलाईगृहे यांतील व्यक्तींनी विसाव्या शतकात मुलांवर आणि स्त्रियांवर केलेले शारीरिक, मानसिक व लैंगिक अत्याचार, ते दडपून ठेवण्यात चर्चच्या वरिष्ठांनी घेतलेला भाग आणि १९९० नंतरच्या काळात झालेल्या चौकश्या, कबुली, भरपाई व समुपदेशन यांचा या नोंदीत विचार केला आहे. अत्याचाराच्या प्रश्नाला धर्मसमुदाय कसा सामोरा जातो, याच्या अभ्यासात आयर्लंडचे उदाहरण विशेष महत्त्वाचे ठरते, कारण तेथे अत्याचाराला आश्रय देणारी, त्यावर पांघरूण घालणारी आणि पुढे त्याच्या जखमा भरून काढू पाहणारी संस्था एकच होती. या संस्थेने आपण होऊन सत्य मांडले, असे फार थोड्या प्रसंगी घडले. पीडितांचे बोलणे, पत्रकारांचा पाठपुरावा आणि न्यायाधीशांच्या चौकश्या यांनी तिला बोलते केले, आणि चर्चकडून उपशमनाचे जे काही खरे काम झाले ते ही बाहेरची तपासणी तिने मान्य केल्यानंतरच झाले.

या अत्याचारांना जागा मिळाली ती राज्यसंस्था व चर्च यांच्यातील जुन्या व्यवहारामुळे. १८६८ च्या कायद्यान्वये आयर्लंडमध्ये औद्योगिक शाळा सुरू झाल्या; अनाथ, निराधार किंवा केवळ गरीब घरांतील मुलांना न्यायालयाच्या आदेशाने तेथे ठेवले जाई, आणि त्यांचा कारभार ख्रिश्चन ब्रदर्स, सिस्टर्स ऑफ मर्सी यांसारख्या धर्मसंघांकडे, म्हणजे ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन यांची व्रते घेतलेल्या धर्मबंधूंच्या व धर्मभगिनींच्या संघटनांकडे असे. १९२२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावरही हीच व्यवस्था चालू राहिली. १९३७ च्या राज्यघटनेने कॅथलिक चर्चला दिलेले विशेष स्थान १९७२ च्या सार्वमतापर्यंत टिकून होते. सरकार दर मुलामागे ठरावीक अनुदान देई व देखरेख शिक्षण खात्याकडे असे. परंतु धर्मसंघांपुढे नमते घेण्याची सवय जडलेल्या या खात्याची तपासणी बहुधा नाममात्र राही. डब्लिनमधील आर्टेन व गोल्डनब्रिज आणि गॉलवे परगण्यातील लेटरफ्रॅक ही नावे आज आयर्लंडमध्ये उच्चारली जातात ती मारहाण, उपासमार, भीती आणि लैंगिक छळ यांच्या संदर्भातच.

धर्मप्रांतांमधील, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशांमधील, दडपणुकीची रीत वेगळी होती. तक्रार आली की संबंधित धर्मगुरूला दुसऱ्या धर्मग्रामात पाठवायचे, फार तर उपचारासाठी कुठे ठेवायचे, आणि पोलिसांना काही कळू द्यायचे नाही, असा शिरस्ता पडला होता. चर्चच्या अंतर्गत कायद्यातील गुप्ततेचे नियम या शिरस्त्याला आधार देत. ब्रेंडन स्मिथ या नॉर्बर्टाइन संघाच्या धर्मगुरूचे प्रकरण त्याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्याविरुद्ध १९७५ मध्ये झालेल्या चर्चच्या अंतर्गत चौकशीत दोन मुलांकडून गुप्ततेची शपथ घेण्यात आली. त्या चौकशीत सहभागी असलेले शॉन ब्रॅडी पुढे कार्डिनल आणि आयर्लंडच्या चर्चचे प्रमुख झाले, तर स्मिथ त्यानंतरही अनेक वर्षे मोकळा राहून अत्याचार करीत राहिला. त्या शपथेची हकीकत २०१० मध्ये सर्वत्र चर्चिली गेली, तेव्हा लहान मुलांवर मौनाचे ओझे लादणाऱ्या त्या यंत्रणेचे स्वरूप सामान्य भाविकांनाही स्पष्ट दिसले.

स्मिथला १९९४ मध्ये बेलफास्ट येथे शिक्षा झाली आणि त्याच्या प्रत्यार्पणाच्या अर्जावर झालेल्या दिरंगाईवरून त्याच वर्षी पंतप्रधान अल्बर्ट रेनल्ड्स यांचे सरकार कोसळले. १९९६ मध्ये गोल्डनब्रिजच्या बालगृहात वाढलेल्या क्रिस्टीन बकली यांची कहाणी दूरचित्रवाणीवर आली. १९९९ मध्ये पत्रकार मेरी रॅफ्टरी यांची ‘स्टेट्स ऑफ फिअर’ ही तीन भागांची माहितीपट-मालिका आर.टी.ई. या राष्ट्रीय वाहिनीवर दाखवली गेली आणि देश हादरला. मालिकेचा शेवटचा भाग प्रसारित होण्याच्या सुमारास, ११ मे १९९९ रोजी, पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राज्यसंस्थेच्या वतीने पीडितांची जाहीर माफी मागितली व चौकशी आयोगाची घोषणा केली.

या आयोगाच्या पहिल्या अध्यक्षा न्यायमूर्ती मेरी लाफॉय यांनी सरकारकडून पुरेसे सहकार्य मिळत नसल्याचे सांगून २००३ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्यानंतर शॉन रायन अध्यक्ष झाले आणि पाच खंडांचा अहवाल २० मे २००९ रोजी प्रसिद्ध झाला. आयोगाच्या एका समितीपुढे पीडितांना उलटतपासणीला तोंड न देता, गोपनीय वातावरणात आपली हकीकत सांगता येत असे. या समितीने १,०९० व्यक्तींचे म्हणणे ऐकले. आयुष्यात प्रथमच कोणी अधिकारी व्यक्तीने आपले पूर्ण ऐकून घेतले, हा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांसाठी निष्कर्षांइतकाच मोलाचा होता. मुलग्यांच्या संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार सर्वत्र मुरलेले होते, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. मात्र ख्रिश्चन ब्रदर्सनी न्यायालयात दावा लावल्यामुळे आरोप असलेल्या बहुतेक व्यक्तींची खरी नावे अहवालात आली नाहीत. पीडितांच्या दृष्टीने ही उणीव मोठी होती आणि ती आजही सलते.

त्याच वर्षी, २६ नोव्हेंबर २००९ रोजी, न्यायाधीश इव्होन मर्फी यांच्या आयोगाचा डब्लिन महाधर्मप्रांताविषयीचा अहवाल आला. १९७५ ते २००४ या काळातील ४६ धर्मगुरूंविरुद्धच्या तक्रारी कशा हाताळल्या गेल्या, हे त्यात तपासले होते. गुप्तता राखणे, बदनामी टाळणे, चर्चचा लौकिक व मालमत्ता जपणे यांना वरिष्ठांनी प्राधान्य दिले आणि मुलांचे हित त्यामागे पडले, असा त्याचा सारांश काढता येतो. महाधर्मप्रांताने १९८७ मध्ये अशा दाव्यांसाठी विमा उतरवला होता, ही त्यातील बाब फार बोलकी आहे, कारण धोक्याची जाणीव नसलेली संस्था त्यासाठी विमा घेत नाही. माजी आर्चबिशप डेझमंड कॉनेल यांनी काही कागदपत्रे आयोगापासून राखण्यासाठी २००८ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली व नंतर अर्ज मागे घेतला. याउलट २००४ मध्ये आर्चबिशप झालेल्या डर्मिट मार्टिन यांनी महाधर्मप्रांताच्या दप्तरातील हजारो कागद आयोगाच्या हवाली केले. धर्मसमुदायाने अत्याचाराच्या निवारणात काय करावे, या प्रश्नाला मार्टिन यांनी दिलेले उत्तर व्यवहारी होते आणि त्यासाठी त्यांना आपल्या सहकाऱ्यांचा रोष पत्करावा लागला. अहवालानंतर राजीनामे देऊ केलेल्या बिशपांपैकी दोघा सहायकांचे राजीनामे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी स्वीकारले नाहीत. मार्च २०१० मध्ये पोपनी आयर्लंडच्या भाविकांना उद्देशून पत्र लिहून दुःख व लाज व्यक्त केली, परंतु त्यात व्हॅटिकनच्या स्वतःच्या जबाबदारीचा उल्लेख नसल्याने अनेक पीडितांना ते अपुरे वाटले.

चर्चने स्वतः केलेल्या सुधारणांची वाट सरळ नव्हती. तक्रार येताच ती पोलिसांना कळवावी, असे आयर्लंडच्या बिशपांनी १९९६ मध्ये ठरवले होते; पण पुढच्याच वर्षी व्हॅटिकनच्या राजदूताने या सक्तीबद्दल शंका व्यक्त करणारे पत्र बिशपांना पाठवले, आणि ज्यांना नियम पाळायचा नव्हता त्यांना निमित्त मिळाले. २००६ मध्ये बालसंरक्षणासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले व पुढे इयन एलियट हे त्याचे पहिले मुख्य अधिकारी झाले. एलियट उत्तर आयर्लंडचे, समाजकार्याच्या क्षेत्रातले आणि प्रेस्बिटेरियन पंथाचे होते. कॅथलिक चर्चने आपली तपासणी पंथाबाहेरील माणसाकडे सोपवावी, हे त्या बेटाच्या इतिहासात लहान पाऊल नव्हे. क्लॉइन धर्मप्रांतात मुलांच्या सुरक्षिततेची हेळसांड चालू असल्याचे याच मंडळाच्या अहवालाने २००८ मध्ये उघड केले. पुढे न्यायाधीश मर्फी यांच्या २०११ च्या अहवालाने त्याला दुजोरा दिला. तेव्हा २० जुलै २०११ रोजी पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत व्हॅटिकनवर उघड टीका केली. ते स्वतः श्रद्धावान कॅथलिक असल्याने त्या भाषणाला वेगळे वजन आले.

उपशमन, म्हणजे अत्याचाराने मोडलेल्या माणसाला सुरक्षितता, विश्वास आणि स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा परत मिळण्याची दीर्घ प्रक्रिया, या बाबतीत चर्चचे प्रयत्न तीन प्रकारचे दिसतात. पहिला प्रकार समुपदेशनाचा. धर्मसंघांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या सेवेची जागा २०११ मध्ये ‘टुवर्ड्स हीलिंग’ या संस्थेने घेतली; तिचा खर्च बिशप व धर्मसंघ उचलत, पण समुपदेशक स्वतंत्र व्यावसायिक असत. तरीही ज्या संस्थेने छळले तिच्याच पैशातून उपचार घेणे अनेकांना नकोसे वाटे, आणि ही भावना समजण्याजोगी आहे. अशांसाठी सरकारने २००० पासून चालवलेली मोफत सेवा आणि कॉल्म ओगॉर्मन या फर्न्स धर्मप्रांतातील पीडिताने उभारलेली ‘वन इन फोर’ ही संस्था उपयोगी पडली. दुसरा प्रकार उपासनेचा. २० फेब्रुवारी २०११ रोजी डब्लिनच्या मुख्य चर्चमध्ये विलाप व पश्चात्तापाचा विधी झाला. आर्चबिशप मार्टिन आणि बॉस्टनचे कार्डिनल शॉन ओमॅली यांनी वेदीपुढे साष्टांग पडून मौन प्रार्थना केली व नंतर काही पीडितांचे पाय धुतले. या विधीची आखणी करताना पीडितांना सहभागी करून घेतले होते व अहवालांतील उतारे तेथे मोठ्याने वाचले गेले, म्हणूनच तो केवळ देखावा ठरला नाही. श्रद्धेच्या नावाने ज्यांना दुखावले गेले, त्यांपैकी ज्यांची श्रद्धा अजून उरली आहे त्यांना असा विधी जे देऊ शकतो ते न्यायालय किंवा दवाखाना देऊ शकत नाही. पण श्रद्धा उरली नसलेल्यांवर तो लादणे हा नवा अन्याय होय, आणि ‘क्षमा करा’ असा धोशा पीडितांमागे लावणे हा त्याहून मोठा.

तिसरा प्रकार पुनर्स्थापक न्यायाचा, म्हणजे शिक्षेच्या जोडीने किंवा शिक्षा अशक्य असेल तेथे, जबाबदार संस्थेला पीडितांसमोर बसवून झालेल्या हानीचा हिशेब द्यायला लावणाऱ्या पद्धतीचा. आयर्लंडच्या जेझुइट संघाने मार्च २०२१ मध्ये जोसेफ मार्मियन या दिवंगत धर्मगुरूचे नाव अत्याचारी म्हणून जाहीर केले. एका माजी विद्यार्थ्याच्या मागणीवरून हे घडले आणि त्यानंतर अनेकजण बोलू लागले. स्वतंत्र मध्यस्थांच्या साहाय्याने माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकले गेले, तसेच त्या काळी कोणाला काय ठाऊक होते याचा वृत्तांत संघाने प्रसिद्ध केला. गुन्हेगार मेल्यावर नाव कशाला काढायचे, या नेहमीच्या आक्षेपाला हे प्रकरण चोख उत्तर आहे, कारण नाव उघड होताच वर्षानुवर्षे स्वतःलाच दोषी समजणाऱ्या माणसांना आपण एकटे नव्हतो हे कळले.

पैशाच्या बाबतीत मात्र धर्मसंघांचे वर्तन त्यांच्या पश्चात्तापाच्या शब्दांशी जुळत नाही. जून २००२ मध्ये सरकारने १८ धर्मसंघांशी करार केला; १२.८ कोटी युरो एवढी रक्कम व मालमत्ता त्यांनी द्यायची आणि त्याबदल्यात पुढील दाव्यांचा बोजा सरकारने उचलायचा, असे त्यात ठरले. भरपाई योजनेचा एकूण खर्च सुमारे दीड अब्ज युरोंवर गेला. भरपाई मिळालेल्या व्यक्तीने भरपाई देणाऱ्या मंडळापुढील कामकाजाची माहिती उघड करणे दंडनीय ठरवले होते, त्यामुळे पूर्वी चर्चने गप्प बसवलेल्या माणसांना आता कायद्याने गप्प बसवले गेले.

मॅग्डालेन धुलाईगृहांतील स्त्रियांची वेदना शॉन रायन यांच्या आयोगाच्या कक्षेबाहेरच राहिली होती. या गृहांत मुली व स्त्रियांना कोंडून, बिनपगारी कपडे धुण्याच्या कामाला जुंपले जाई. शेवटचे गृह १९९६ मध्ये बंद झाले. मार्टिन मॅकअलीस यांच्या २०१३ च्या अहवालाने १९२२ नंतर दहा हजारांहून अधिक स्त्रिया तेथे गेल्याची आणि त्यात सरकारी यंत्रणांचाही हात असल्याची नोंद केली, पंतप्रधान केनी यांनी माफी मागितली, परंतु ही गृहे चालवणाऱ्या चारही धर्मसंघांनी भरपाईत वाटा देण्यास नकार दिला. जून २०१८ मध्ये हयात असलेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांना डब्लिनमध्ये सन्मानाने बोलावून राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांच्या निवासस्थानी त्यांचे स्वागत करण्यात आले. यात पुढाकार चर्चचा नव्हता, नागरिकांचा होता.

आयर्लंडच्या अनुभवाचा परिणाम जागतिक चर्चवरही झाला. डब्लिनच्या मेरी कॉलिन्स या बालपणी अत्याचार सोसलेल्या कार्यकर्त्या २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या बालसंरक्षण आयोगावर गेल्या आणि व्हॅटिकनमधील खात्यांच्या असहकारामुळे मार्च २०१७ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हॅटिकनमध्ये जगभरच्या बिशपांची या प्रश्नावर परिषद भरली. तिच्या संयोजन समितीत मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस होते. त्याच वर्षाच्या अखेरीस अशा प्रकरणांना लागू असलेला पोपच्या अखत्यारीतील गोपनीयतेचा नियम रद्द झाला. आयर्लंडमध्ये धर्मगुरूंवर तक्रार कळवण्याची कायदेशीर सक्ती डिसेंबर २०१७ मध्ये अमलात आली. भारतात, आणि म्हणून महाराष्ट्र व गोव्यातील चर्चसह सर्व धर्मांच्या संस्थांवर, बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी २०१२ च्या कायद्याने (पोक्सो) ती त्याआधीच आली होती. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील व्यक्तीने केलेला गुन्हा हा कायदा अधिक गंभीर मानतो.

हा विषय अद्याप संपलेला नाही. ट्यूम येथे बॉन सेकूर धर्मभगिनींनी १९६१ पर्यंत चालवलेल्या माता-बालगृहातील ७९६ बालकांच्या मृत्यूच्या नोंदी स्थानिक इतिहास-अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी शोधून काढल्या, परंतु त्यांच्या दफनाच्या नोंदी मिळाल्या नाहीत. या संघाने २०२१ मध्ये माफी मागितली, उत्खननासाठी २५ लाख युरो दिले आणि २०२५ मध्ये तेथे अवशेष बाहेर काढून ओळख पटवण्याचे काम सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चौकशीत धर्मसंघांच्या ३०८ शाळांमधील २,३९५ आरोपांची आणि ८८४ आरोपित व्यक्तींची नोंद झाली, त्यावरून सरकारने नवा वैधानिक आयोग नेमला.