सामाईक समुद्र आणि सॅमनचा वाटा

मुंबई-रत्नागिरीकडच्या हॉटेलांत मेन्यू कार्डावर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हटलेले असते. खरे तर रावस आणि सॅमन यांचे काहीच नाते नाही. रावस आपल्या खाड्यांतला मासा, सॅमन थंड समुद्रातला. प्रशांत महासागरातला सॅमन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, लहानपणीच समुद्रात उतरतो, तिथे काही वर्षे वाढतो आणि पुन्हा आपल्या जन्माच्या नदीकडे परत फिरतो. तिथे अंडी घालतो आणि मरतो. नदीत शिरण्याआधी त्याचे थवे किनाऱ्याजवळच्या खाऱ्या पाण्यातून जातात. उन्हाळ्यातले हे काही आठवडे म्हणजे तिथल्या मासेमारीचा हंगाम.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या आसपासच्या समुद्रात, या दिवसांत घरेच्या घरे लहान बोटी घेऊन निघतात. भल्या पहाटे आई-वडील, मुले, कधी आजोबाही. शिशाचा जड गोळा लावलेला दोर खोल सोडायचा, आमिष म्हणून हेरिंग मासा लावायचा आणि बोट संथ चालवत राहायची. मासा लागला की पोरांची धांदल उडते. पण तो बोटीत घेण्याआधी त्याच्या पाठीवरचा शेपटीजवळचा लहानसा पर बघावा लागतो. पर कापलेला असेल तर मासा सरकारी पैदास केंद्रातला. बहुतेक ठिकाणी तो ठेवता येतो. पर शाबूत असेल तर मासा रानटी, आणि अनेक भागांत तो पाण्यातूनच सोडून द्यावा लागतो. ठेवलेल्या माशाची नोंद कार्डावर करायची. सुट्टीच्या दिवशीच्या या सहलीलाही इतके नियम का, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात आहे. त्या इतिहासाचा सगळा भार एका शब्दावर आहे : सामाईक.

कुटुंबाचे पाणी

याच समुद्रात लम्मी आणि त्यांचे नातलग समूह शेकडो वर्षे बोटीतून सॅमन धरत आले. त्यांची पद्धत जगावेगळी होती. इंग्रजीत तिला 'रीफनेट' म्हणतात. आपण खडकाचे जाळे म्हणू. दोन लांब होड्या एकमेकींना समांतर नांगरून ठेवायच्या आणि मधे जाळे टांगायचे. जाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या दोरांना गवताच्या जुड्या बांधायच्या. खालून येणाऱ्या सॅमनला ते गवत उगवलेल्या खडकासारखे दिसते. खडक समोर आला की मासा वर चढतो आणि अलगद जाळ्यावर येतो. होडीत उभा असलेला जाणता माणूस पाण्यात डोळे लावून असतो. त्याने इशारा केला की सगळे मिळून जाळे ओढतात. जाळे विलोच्या सालीचे, दोर देवदाराच्या जातीतल्या झाडाचे.

जागा कुठलीही चालत नाही. भरतीचा ओढा, तळाचा उतार, माशांची वाट, सगळे जुळावे लागते. म्हणून अशा एकेका जागेवर एकेका घराण्याचा हक्क असे आणि तो वारशाने पुढे जाई. हक्क घराण्याचा असला तरी होडीवरचे हात नात्यातल्या, शेजारच्या अनेकांचे असत आणि मासळीचे वाटे होत. हंगामातल्या पहिल्या सॅमनचा मान मोठा. तो सगळ्यांनी मिळून खायचा आणि त्याची हाडे पुन्हा पाण्यात सोडायची, म्हणजे तो पुढच्या वर्षी परत येईल. याच पद्धतीने मासेमारी करणारे पलीकडच्या व्हँकूव्हर बेटावरचे सानिच लोक सांगतात, की जाळ्याच्या शेवटी मुद्दाम एक मोकळे कडे ठेवत, काही मासे निसटून नदीपर्यंत पोहोचावेत म्हणून. पुढच्या पिढीचा वाटा जाळे विणतानाच काढून ठेवलेला असे.

१८५५चा करार

१८५०च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांना जमीन हवी होती. वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने एकामागून एक करार उरकले. २६ डिसेंबर १८५४ रोजी मेडिसिन क्रीक येथे निस्क्वाली, पुयालप आदींशी आणि २२ जानेवारी १८५५ रोजी पॉइंट इलियट येथे लम्मी, सुक्वामिश, दुवामिश आदींशी. ज्यांच्या नावावरून सिएटल शहराचे नाव पडले ते सरदार याच दुसऱ्या कराराचे साक्षीदार आणि सहीदार.

वाटाघाटी इंग्रजीत झाल्या नाहीत आणि त्या लोकांच्या भाषेतही झाल्या नाहीत. त्या झाल्या चिनूक जार्गन नावाच्या बाजारी बोलीत. जेमतेम काहीशे शब्दांची ही बोली ब्लँकेट-मासे यांच्या देवघेवीसाठी पुरेशी होती. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन देऊन टाकण्याचा दस्तऐवज तिच्यातून समजावण्यात आला.

आदिवासींनी जमीन सोडली, पण एक गोष्ट सोडली नाही. आपल्या नेहमीच्या, वहिवाटीच्या जागांवर मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. करारात तो लिहिला गेला, फक्त एका जोडशब्दासह : प्रदेशातल्या सर्व नागरिकांसोबत सामाईकपणे.

सामाईक शब्दाची गंमत सातबारा बघणाऱ्या माणसाला वेगळी सांगायला नको. चार भावांचे नाव सामाईक लागलेले असते. त्याचा अर्थ प्रत्येकाचा वाटा आहे, असाही होतो. आणि एखादा दांडगा भाऊ त्याचाच अर्थ 'मलाही पेरायचा हक्क आहे' असा लावून सगळे शेत नांगरून टाकतो.

शब्द पाळून केलेली पळवाट

दांडगे भाऊ लवकरच आले. सॅमन डब्यात भरून विकण्याचे कारखाने निघाले आणि १८९०च्या दशकात पॉइंट रॉबर्ट्सजवळ, लम्मींच्या जाळ्यांच्या जागांसमोरच, खांब रोवून प्रचंड सापळे उभे राहिले. मासा होडीपर्यंत पोहोचेचना. लम्मींच्या वतीने सरकारने अलास्का पॅकर्स असोसिएशन या कंपनीवर खटला भरला. १८९७ साली न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणणे असे, की हक्क सामाईक आहे. लम्मींना मासेमारीला कोणी मनाई केलेली नाही. कंपनीही मासेच धरते आहे. पाणी खुले होते, फक्त त्यात मासा उरला नव्हता.

हे वाचताना कुरआनातील सूरह आराफमधली समुद्रकाठच्या वस्तीची गोष्ट आठवते. त्या लोकांना सब्बाथच्या दिवशी मासेमारी मना होती आणि नेमक्या त्याच दिवशी मासे पाण्यावर येत. भाष्यकार सांगतात, की त्यांनी युक्ती काढली. आदल्या दिवशी जाळी लावायची आणि दुसऱ्या दिवशी ओढायची. शब्द पाळला, आज्ञा मोडली. फिकहच्या भाषेत अशा पळवाटेला हीला म्हणतात. पॉइंट रॉबर्ट्सचा निकाल हा अशाच जातीचा. कराराचे अक्षर शाबूत राहिले आणि करार मेला.

नदीकाठची पोलीस चौकी

विसाव्या शतकात परिस्थिती आणखी बिघडली. धरणे, लाकूडतोड, शहरे आणि बेसुमार मासेमारी यांनी सॅमन घटवला. १९३४ साली मतदारांनी कायदा करून खांबांचे सापळे बंद केले, पण तोवर लम्मी घराण्यांच्या बहुतेक जागा गेल्या होत्या. मासे वाचवण्याच्या नावाने राज्याने नियम कडक केले आणि त्यांचा बडगा बसला तो नदीत पूर्वापार जाळे टाकणाऱ्यांवर. समुद्रात यांत्रिक बोटी थवेच्या थवे उचलत होत्या. उरलेला मासा नदीत आला की तिथे आदिवासी गुन्हेगार ठरत.

१९४५ साली निस्क्वाली नदीवर एका चौदा वर्षांच्या मुलाला जाळ्यासकट अटक झाली. त्याचे नाव बिली फ्रँक. पुढे त्याला पन्नासाहून अधिक वेळा अटक झाली. १९६०च्या दशकात या लोकांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. कायदा मोडून उघडपणे मासे धरायचे आणि अटक करून घ्यायची. १९६४ साली नट मार्लन ब्रँडोही पुयालप नदीवर त्यांच्याबरोबर होडीत बसला आणि पकडला गेला. ९ सप्टेंबर १९७० रोजी पुयालप नदीकाठच्या छावणीवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या, साठएक माणसे पकडली. त्यानंतर लगेच केंद्र सरकारने वॉशिंग्टन राज्याविरुद्ध दावा लावला.

अर्धा वाटा

दावा न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांच्यासमोर आला. ते आदिवासींचे पाठीराखे म्हणून प्रसिद्ध नव्हते. जुन्या वळणाचे, आयझेनहॉवर यांनी नेमलेले न्यायाधीश. त्यांनी साक्षी ऐकल्या, मानववंशशास्त्रज्ञांचे अहवाल वाचले, वृद्धांना बोलू दिले. करार झाला त्या वेळी सामाईक या शब्दाचा अर्थ काय होता आणि सही करणाऱ्यांना तो काय समजला असेल, हे शोधले. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांनी निकाल दिला. वहिवाटीच्या जागांवरून जाणाऱ्या, धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा करार करणाऱ्या समूहांचा. शिवाय मासेमारीचे व्यवस्थापन राज्याच्या जोडीने करण्याचा हक्कही त्यांचा. तोवर त्यांच्या हाती पाच टक्क्यांच्या आसपास मासळी लागत होती. लम्मींच्या रीफनेटच्या जुन्या जागा निकालात नावानिशी नोंदल्या गेल्या.

गोऱ्या मच्छीमारांत संताप उसळला. बोल्ट यांचे पुतळे फाशी देण्यात आले. त्या संतापातही एक खरे दुःख होते. ज्या घरांनी कर्ज काढून बोटी घेतल्या होत्या, त्यांनी १८५५ साली काही लिहिले नव्हते. सरकारने मोडलेल्या शब्दाची किंमत त्यांच्या माथी आली. राज्याने निकाल पाळायला इतकी टाळाटाळ केली, की केंद्रीय न्यायालयाला मासेमारीचा कारभार हाती घ्यावा लागला. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने बोल्ट यांचा निकाल मुळात कायम केला.

पण मासाच नसेल तर निम्म्याला अर्थ काय? प्युजेट साउंडमधला चिनूक सॅमन १९९९ साली धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. म्हणून पुढची लढाई नदीसाठी झाली. रस्त्याखालच्या मोऱ्यांमुळे सॅमनची वाट अडते, त्या राज्याने दुरुस्त कराव्यात, हा आदेश २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशा समसमान मतांमुळे कायम राहिला. त्याआधी ९ मे २०१६ रोजी चेरी पॉइंट येथे आशियाला कोळसा पाठवण्यासाठी होऊ घातलेल्या मोठ्या बंदराला परवानगी नाकारली गेली. कारण एकच, तिथे लम्मींचा करारातला मासेमारीचा हक्क बाधित होत होता. त्यांच्या पूर्वजांच्या जाळ्यांची ही जागा.

बिली फ्रँक २०१४ साली वारले. ज्याला चौदाव्या वर्षी अटक झाली, त्याला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान २०१५ साली मरणोत्तर मिळाला. आज सहलीला निघालेले कुटुंब माशाचा पर तपासते, तेव्हा ते राज्य आणि आदिवासी समूह यांनी दर हंगामाला एकत्र बसून ठरवलेला नियम पाळत असते.

आपल्या किनाऱ्यावर

हा इतिहास आपल्याला परका नाही. कोकणात दालदी मुसलमान, कोळी, गाबीत हे एकाच पाण्यावर जगत आले. रापण लावली की गाव दोर ओढतो आणि मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हातांचा वाटा. यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी आली, तेव्हा इथेही हाच वाद पेटला. १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला, पावसाळी बंदी आली. तरीही समुद्र सर्वांचा, म्हणजे ज्याचे इंजिन मोठे त्याचा, हा युक्तिवाद बंदरावर आजही ऐकू येतो. तो पॉइंट रॉबर्ट्सचाच युक्तिवाद आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे ही भांडणे धर्माच्या रेषेवर नेणारेही टपून असतात. वास्तविक लहान होडीवाल्या दालद्याचे आणि लहान होडीवाल्या कोळ्याचे दुखणे एकच आहे.

मासळी हलाल आहे की नाही, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. कोकणी मुसलमान शाफई, म्हणून कोळंबीला मुभा. हनफींचा कटाक्ष माशांपुरता. ही चर्चा आपल्या जागी ठीक आहे. पण समुद्रातली शिकार हलाल ठरवणारी आयत ज्या सूरह माइदामध्ये आहे, त्या सूरहची सुरुवात वेगळ्याच आज्ञेने होते : श्रद्धावंतांनो, केलेले करार पाळा. समुद्राचे अन्न तुमच्यासाठी आणि प्रवाशांसाठीही, हे पुढे येते. आधी करार, मग मासा. पाणी, चारा आणि आग यांत लोक भागीदार आहेत, असे सांगणारी हदीसही आपल्याकडे आहे. भागीदार या शब्दाचा अर्थ 'ज्याला जेवढे ओढता येईल तेवढे' असा आजवर कोणत्याही काझीने लावलेला नाही.

लम्मी बेटाजवळच्या उपसागरात आजही रीफनेट चालते. बहुतेक ती गोऱ्या कुटुंबांची आहेत. गवताच्या जुड्यांच्या जागी प्लास्टिकच्या पट्ट्या आणि सौर ऊर्जेवर चालणारी जाळे ओढायची यंत्रे आली. अलीकडे लम्मींनीही चेरी पॉइंटला पुन्हा आपले जाळे लावून पाहिले. करारावर सह्या झाल्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. त्यातला एक शब्द नीट वाचला जायला यांतली एकशे एकोणीस वर्षे गेली. तेवढ्यात कितीतरी घरांच्या पाच-सहा पिढ्या आपल्याच पाण्यावर चोर ठरून गेल्या.