आगगाडी, आधुनिक चित्रकलेतील

यूरोपीय चित्रकलेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुन्हापुन्हा आलेला विषय. यंत्राचे काटेकोर चित्रण या परंपरेत थोडे आहे. चित्रकारांना ओढ लागली ती गाडीभोवतीच्या वाफेची, वेगाची आणि ताटातुटीची.

इंग्रज चित्रकार टर्नर यांच्या ‘पाऊस, वाफ आणि वेग’ (१८४४) या चित्रात ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी टेम्स नदीवरील मेडनहेडच्या पुलावरून भर पावसात समोर येते. इंजिनाचे काळे धुराडे तेवढे ठळक. नदी, आकाश, पाऊस सारे एकमेकांत विरलेले. रुळांवर गाडीपुढे एक ससा जिवाच्या आकांताने पळतो आहे. तो चटकन दिसत नाही. पण एकदा दिसला, की सारे चित्र धावू लागते.

या विषयाचे माहेर मात्र पॅरिसचे सँ-लाझार स्थानक. माने यांच्या ‘रेल्वे’ (१८७३) या चित्रात गाडी दिसतच नाही. लोखंडी गजांपाशी एक मुलगी पाठमोरी उभी आहे आणि गजांपलीकडे नुसती पांढरी वाफ. मोने तेव्हा आर्जंतय येथे राहत आणि तिकडची गाडी याच स्थानकातून सुटे. १८७७ मध्ये त्यांनी स्थानकाची परवानगी काढून तिथे बारा चित्रे रंगवली. त्यांतली काही त्याच वर्षी एप्रिलमध्ये दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या तिसऱ्या प्रदर्शनात लागली. काचेच्या छपराखाली कोंडलेली वाफ उन्हात निळी, जांभळी, करडी होत जाते आणि अवजड इंजिन तिच्यापुढे दुय्यम ठरते. गवताच्या गंजी आणि रूआँचे कॅथीड्रल या त्यांच्या पुढच्या प्रसिद्ध मालिकांची चाहूल इथेच लागते.

मोने यांच्या फलाटावरची माणसे म्हणजे गडद रंगाचे चार फटकारे. डब्यातले माणूस पाहायचे तर त्याआधीच्या दोम्ये यांच्या ‘तिसऱ्या वर्गाचा डबा’ या चित्राकडे वळावे लागते : अंगावर पाजणारी आई, टोपली घेऊन बसलेली म्हातारी, झोपी गेलेला मुलगा. प्रवासाचा शीण इतक्या मायेने क्वचितच कोणी रंगवला असेल.

विसाव्या शतकात गाडी मनात शिरली. बोच्चोनी यांनी ‘मनःस्थिती’ (१९११) या चित्रत्रयीत निरोप घेणारे, जाणारे आणि मागे राहणारे अशी तीन चित्रे केली. द कीरिको यांचे वडील ग्रीसमध्ये रेल्वेचे अभियंता होते. मुलाच्या चित्रांत निर्जन चौकांच्या टोकाला, भिंतीआडून, छोटी गाडी धूर सोडत जाते. माग्रीत यांनी १९३८ मध्ये दिवाणखान्यातल्या शेकोटीतूनच इंजिन बाहेर काढले.

महाराष्ट्रात हा विषय लोकलच्या रूपाने आला. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले सुधीर पटवर्धन (जन्म १९४९) यांच्या चित्रांत मुंबई-ठाण्याची उपनगरी रेल्वे, पूल आणि कामावर निघालेले कष्टकरी वारंवार भेटतात. इथे वाफ उरलेली नाही. गर्दीतही प्रत्येक देहाचे वजन आणि थकवा वेगळा दिसतो.