पक्ष्याची दृष्टि

चित्रपटांत एखादा प्रदेश आकाशांतून दिसूं लागला कीं प्रेक्षक क्षणभर सांवरून बसतो. ही पक्ष्याची दृष्टि माणसानें मोठ्या सायासानें मिळविली आहे. तिची हकीकत आज थोडक्यांत सांगतों.

१८५८ सालीं नादार या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसजवळ बलूनमधून भूमीचें छायाचित्र घेतलें. त्या काळीं काचेवर रसायनाचा लेप देऊन ती ओली असतांनाच सारें काम उरकावें लागे. म्हणून त्यानें बलूनच्या टोपलींतच काळोखी खोली थाटली. परंतु बलूनमधून सुटणाऱ्या वायूनें काचा बिघडत. वायूचें तोंड बंद ठेवून वर गेल्यावरच त्यास यश आलें.

हलत्या चित्रांस विमानाचे पंख लाभले ते १९०९ च्या एप्रिलांत. रोमजवळ सेंतोचेल्ले येथें विल्बर राइट यांच्या विमानांतून चित्रण झालें. विमान जमिनीलगत उडत होतें, त्यामुळें खालची भूमि वेगानें मागें सरतांना दिसली.

निव्वळ उंचींत नाट्य नसतें, याचें रहस्य येथेंच आहे. आगगाडींतून पाहतांना दूरचा डोंगर जागचा हलत नाहीं, रुळालगतचा तारेचा खांब मात्र झर्रकन् मागें पळतो. १९२७ च्या ‘विंग्ज’ या चित्रपटाचे दिग्दर्शक विल्यम वेलमन हे पहिल्या महायुद्धांतील वैमानिक. त्यांस हें पुरतें ठाऊक होतें. निरभ्र आकाशांत धांवतें विमानहि पडद्यावर स्थिर भासतें. म्हणून खर्च वाढत असतांहि टेक्सस प्रांतांत ते ढगांची वाट पाहत थांबले. त्या चित्रपटास पहिल्याच ऑस्कर समारंभांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला.

पुढें हेलिकॉप्टर आलें. तें हवेंत एके ठिकाणीं थांबूं शके, पण त्याच्या कंपनानें चित्र थरथरे. फ्रेंच दिग्दर्शक आल्बेर लामोरीस यांनीं ‘हेलिव्हिजन’ नांवाची योजना करून ही थरथर आटोक्यांत आणली आणि १९६० सालीं बलूनच्या प्रवासावरील आपल्या चित्रपटांत फ्रान्सचें मनोहर दर्शन घडविलें. १९७० सालीं इराणांत असेंच चित्रण करीत असतां हेलिकॉप्टरच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. तो अपुरा चित्रपट त्यांच्या पत्नीनें व मुलानें पुरा केला.

आज ड्रोन नांवाचें चिमुकलें यंत्र माणसावांचून कॅमेरा वर नेतें. चित्रणासाठीं प्राण पणास लावण्याची गरज पुष्कळच उणावली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु उंची स्वस्त झाली म्हणून दृष्टि स्वस्त होत नाहीं. ढगांसाठीं थांबण्याचा विवेक आजहि माणसाजवळच असावा लागतो.