मान आणि मानधन यांमधील ‘आशा’

शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात येथे ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. दोन कुंभांची तोंडे एकमेकांस जोडून घरांच्या जमिनीखाली पुरलेली बालके तेथे मोठ्या संख्येने आढळली. तीन हजार वर्षांपूर्वी मुले जगविणे किती कठीण होते, याचा तो मूक दाखला होय.

आजच्या ग्रामीण महाराष्ट्रात हे काम ज्यांच्यावर सोपविले आहे, त्यांत ‘आशा’ स्वयंसेविका अग्रभागी आहेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ मध्ये ही योजना सुरू झाली. साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक आणि तीही त्याच गावची, असा तिचा निकष. लसीकरण, स्तनपान, स्वच्छता, प्रसूतीपूर्व तपासणी यांविषयी घरोघरी समजावून सांगणे हा तिच्या कामाचा गाभा. नवजात बाळाच्या घरी ४२ दिवसांत ती सहा वेळा जाते. प्रसूती घरीच झाली असेल तर सात वेळा. या सर्व भेटींचा मोबदला २५० रुपये ठरविण्यात आला. घरीच नवजात शिशूची काळजी घेण्याची ही पद्धत मुळात गडचिरोलीची. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ गावांत ती राबविली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या कामात या स्त्रिया समाधानी आहेत काय, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. समाधान आणि असमाधान ही एकाच मापाची दोन टोके नव्हेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. कामातील यश व दाद यांतून समाधान मिळते. वेतन, अनिश्चितता, कामाच्या अटी यांतून असमाधान उपजते. दोन्ही एकाच मनात सुखेनैव नांदू शकतात. ‘आशाताई’ म्हणून गावाने दिलेला मान खरा, आणि मोबदल्याची ओढाताणही तितकीच खरी.

शिवाय मोबदला मोजता येणाऱ्या कामांचा. लस टोचली गेली की नोंद होते. सुनेला तपासणीस पाठवायला तयार नसलेल्या सासूची समजूत घालण्यात गेलेली दुपार मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. आरोग्यशिक्षण हे बहुतांशी अशाच दुपारींचे काम आहे.

हा पेच जुनाच. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या योजनेतील गावपातळीवरील आरोग्यसेवकाला महिना ५० रुपये मानधन होते. मानधन म्हटले की वेतनाचे नियम लागू होत नाहीत, ही सरकारी सोय तेव्हापासूनची!

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील ‘आशां’चा गौरव केला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातील ‘आशा’ व गटप्रवर्तक संपावर गेल्या. आश्वासनानंतर मागे घेतलेला संप जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि मुंबईच्या आझाद मैदानात ठिय्या पडला. मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘आशां’च्या मानधनात पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. योजनांवर राबणाऱ्या अशा स्त्रियांना ‘कामगार’ म्हणून मान्यता द्यावी, ही भारतीय श्रम परिषदेची शिफारस मात्र २०१३ची आहे.