गाणारा माणूस लिहायला का बसतो? : रेमो फर्नांडिस यांच्या निमित्ताने

शिरूर कासारच्या व्याख्यानात रेमो फर्नांडिस कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. आपला मुलूख गडांचा, कीर्तनांचा, हरिनाम सप्ताहांचा. पण 'बॉम्बे' चित्रपटातलं हिंदी 'हम्मा हम्मा' आपल्याकडे वरातीत वाजलेलं आम्ही ऐकलंय. १९९५ सालचं ते गाणं रेमोंच्या आवाजातलं. म्हणजे नाव ठाऊक नसलं, तरी आवाज आपल्या गल्लीतून जाऊन आलाय.

रेमोंचा जन्म ८ मे १९५३ चा, बार्देशातल्या शिवोली गावचा. कुटुंब कॅथलिक ख्रिस्ती, राज्य पोर्तुगिजांचं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा होता. राज्य बदललं, नाणं बदललं, कारभाराची भाषा बदलली. हे आपल्याला समजायला अवघड नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपल्या मराठवाड्यातही हेच झालं. उर्दूत शिकलेली माणसं मराठीत अर्ज लिहायला लागली, हाली शिक्का गेला. अशा काळात वाढलेल्या माणसाला 'तू नेमका कुठला?' हा प्रश्न जन्मभर पुरतो.

रेमो मुंबईत जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्र शिकले, पण मन गाण्यात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकले आणि परत शिवोलीला आले. इंग्रजीत गाणारा, पण गाण्यात गोवा आणि भारत. कंपन्यांना हे पटेना. मग त्यांनी काय केलं? घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, वाद्यं स्वतःच वाजवून, १९८४ साली 'गोअन क्रेझी' ध्वनिमुद्रित केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेट पोचवल्या. त्यानंतर १९८६ चा 'पॅक दॅट स्मॅक' अमली पदार्थांविरुद्धचा. तो मात्र मोठ्या कंपनीने काढला.

श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्येही (१९८५) ते दिसतात आणि ऐकू येतात. तो चित्रपट पोर्तुगीज सत्तेच्या शेवटच्या दिवसांतल्या गोव्यातला, म्हणजे त्यांच्याच बालपणाच्या काळातला.

एक प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. पंतप्रधान राजीव गांधी समोर बसलेले असताना रेमोंनी त्यांना उद्देशून, गोव्याचं दुखणं सांगणारं गाणं म्हटलं. गोव्यात टीका झाली. राजीव गांधींनी मात्र पत्र पाठवून गाणं आवडल्याचं कळवलं. दरबारात गाणं वेगळं आणि राजाला गाऊन सांगणं वेगळं. आपल्या शाहिरांना हा फरक पक्का ठाऊक होता.

२००७ साली पद्मश्री मिळाली. पुढे त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं. काहींनी नावं ठेवली. आणि २०२१ मध्ये त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढं गायलेल्या माणसाला लिहावंसं का वाटतं? आमचं मत असं, की गाणं ऐकणाऱ्याचं होऊन जातं. वरातीत नाचणाऱ्याला गाणारा आठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण 'तू कुठला?' या प्रश्नाचं उत्तर तीन-चार मिनिटांत मावत नाही. तिथे साक्ष द्यावी लागते, आणि आपली साक्ष आपणच द्यायची असते. आपण नाही दिली, तर दुसरा आपल्या नावाने देतो.

ही गोष्ट परकी नाही हं. आपल्याच मराठवाड्यातल्या शिऊरच्या, होय, शिरूर नव्हे, शिऊर, संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात अभंगांतून आत्मचरित्र सांगितलं. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. त्यात त्या ख्रिस्ती झाल्या कशा, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, म्हणून आज कुणी दुसरंच ठोकून देऊ शकत नाही.

आता आपलं बघा. दसरा-दिवाळी झाली की इथल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या बायाबापड्यांच्या ओव्या, गाणी आपण कितीदा ऐकली, आणि लिहून किती ठेवली? रेमोंकडे कंपनी नव्हती तेव्हा चार ट्रॅकचं यंत्र होतं. आज तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. आज घरी गेल्यावर आईला, आजीला एक ओवी म्हणायला लावा. ती ध्वनिमुद्रित करा आणि खाली तिचं नाव लिहा. नाव विसरू नका.