दवाखान्यातली सुई उकिरड्यावर दिसली तर? चार रंगांचे डबे ओळखा

इंजेक्शन दोन मिनिटांत होतं. पण वापरलेली सुई नंतर कुठे जाते, हे आपण सहसा विचारत नाही. ती उकिरड्यावर किंवा ओढ्याकाठी पडली, तर खेळणाऱ्या पोराच्या पायात किंवा घंटागाडीवरच्या कामगाराच्या हातात घुसू शकते. त्यातून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीची लागण होण्याचा धोका असतो.

2009 मध्ये गुजरातच्या तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात कावीळ बीची मोठी साथ आली. त्यात अनेकांचे जीव गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरात आल्याचं तेव्हा उघड झालं.

नियम कोणाला लागू?

जैव वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 फक्त मोठ्या हॉस्पिटलसाठी नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, गावातला खासगी दवाखाना, लॅब, लसीकरण आणि रक्तदान शिबिरं, एवढंच नव्हे तर जनावरांचा दवाखानाही त्यात येतो.

कोणत्या रंगात काय?

• पिवळी पिशवी : रक्त लागलेला कापूस, बँडेज, बाळंतपणातली वार, मुदत संपलेली औषधं
• लाल पिशवी : सलाईनच्या नळ्या व प्लास्टिक बाटल्या, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज
• पांढरा, आरपार दिसणारा, न टोचणारा डबा : सुया, ब्लेड
• निळा खोका किंवा डबा : काचेच्या औषधाच्या बाटल्या, फुटलेली काच

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार दवाखान्यातला साधारण 85 टक्के कचरा घरच्यासारखाच साधा असतो. धोक्याचा असतो तो उरलेला 15 टक्के. पण दोन्ही एकत्र झाले की सगळाच ढीग धोक्याचा होतो. म्हणून कचरा जिथे तयार होतो तिथेच, खाटेजवळच, वेगळा करायचा. नंतर हाताने निवडत बसायचं नाही.

पुढे काय होतं?

हा कचरा प्रक्रियेविना 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. गाडी येऊन तो सामायिक प्रक्रिया केंद्रात नेते. 75 किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल, तर दवाखान्याला स्वतःची भट्टी उभारता येत नाही. जिथे गाडी पोहोचण्याची सोयच नाही अशा दुर्गम भागात परवानगीने खोल खड्डा करता येतो. तो 2 मीटर खोल, वस्ती व विहिरीपासून लांब आणि जनावरं शिरणार नाहीत असा झाकलेला हवा. अर्धा भरला की वर चुना आणि मग माती टाकायची. प्लास्टिक त्यात टाकायचं नाही. उघड्यावर जाळायचं तर मुळीच नाही, कारण त्या धुरात विषारी वायू असतात.

सुई टोचली तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. कावीळ बी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

घरात इन्सुलिन घेत असाल तर

सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. बाटली कुठे जमा करायची, हे आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा.

उघड्यावर कचरा दिसला तर

हात लावू नका, पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा. तारीख, ठिकाण लिहून फोटो काढा आणि ग्रामपंचायत, वैद्यकीय अधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. दखल घेतली नाही तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाता येतं. आपल्या केंद्रातून कचऱ्याची गाडी किती दिवसांनी येते, हा प्रश्न ग्रामसभेतही विचारता येतो.