ठोके आणि काम



गणकयंत्र विकत घ्यायला निघालेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाच्या ओठी पुष्कळ वर्षे एकच प्रश्न असे : "किती मेगाहर्ट्झ?" १९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील इंटेलची ८०८८ ही चिप ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. म्हणजे तिच्या घड्याळाचे सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके पडत. एकाच घडणीच्या दोन चिपा शेजारी ठेवल्या तर हा आकडा खरे बोले. परंतु निराळ्या घडणीच्या चिपा आल्या की तोच आकडा फसवी साक्ष देऊ लागे. कारण काम हे ठोक्यांच्या संख्येवर जितके, तितकेच एका ठोक्यात काय उरकते यावर अवलंबून असते.

६ मार्च २००० रोजी एएमडीने १ गिगाहर्ट्झची अ‍ॅथलॉन जाहीर केली आणि दोनच दिवसांनी इंटेलनेही तो पल्ला गाठला. या चुरशीत २० नोव्हेंबर २००० रोजी इंटेलची पेंटियम चार अवतरली : १.४ व १.५ गिगाहर्ट्झ! आकडा डोळे दिपवणारा खरा. पण काही कामांत १ गिगाहर्ट्झची जुनी पेंटियम तीन तिच्या पुढे जाई.

हे कसे घडले? गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहून घागरी हातोहात पोचवतात. रांगेत माणसे वाढवली तर प्रत्येकाचा हात थोडाच हलवावा लागतो, आणि रांगेचा ताल जलद होतो. पेंटियम तीनमध्ये अशा सुमारे दहा पायऱ्या होत्या. पेंटियम चारमध्ये वीस केल्या. ताल वाढला. पण मध्येच ओरड झाली, की पाणी या घरी नको, पलीकडच्या घरी हवे, तर रांगेतल्या साऱ्या घागरी वाया! गणिताच्या आज्ञावलीत "असे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे" अशी वळणे पावलोपावली येतात. चिप आधीच अंदाज बांधून काम सुरू करते, आणि अंदाज चुकला की लांब रांगेचा तोटाही मोठा. सरळ, एकसुरी कामात, उदाहरणार्थ चित्रफितीच्या संस्करणात, पेंटियम चार उत्तम चाले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

प्रतिस्पर्ध्यांनी ओरड केली. जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेळाव्यात अ‍ॅपलने "मेगाहर्ट्झचे मिथक" असे नाव देऊन आपली ८६७ मेगाहर्ट्झची जी-फोर १.७ गिगाहर्ट्झच्या पेंटियम चारवर मात करते, हे फोटोशॉपवर दाखवले. तत्त्व बरोबर होते. मात्र परीक्षेचा पेपर परीक्षार्थ्यानेच काढला होता : जी-फोरच्या खास गणितविभागाला मानवणारीच कामे निवडलेली होती! ऑक्टोबर २००१ मध्ये एएमडीने निराळी युक्ती केली. १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपेला नाव दिले अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+. आकड्याच्या मोहाला नावे ठेवीत त्याच मोहावर दुकान चालवण्याचा हा प्रकार मला तरी मौजेचा वाटतो.

गिऱ्हाइकाला मात्र हे वाद पटले नाहीत. मोठा आकडा विकला जात राहिला, आणि विक्रीचा आकडा हेच घडणीचे ध्येय होऊन बसले. पुढे दहा गिगाहर्ट्झ गाठण्याची भाषा इंटेलमध्ये होत होती. फेब्रुवारी २००४ च्या प्रेस्कॉट चिपेत पायऱ्या ३१ झाल्या. आणि येथे वादाचा निकाल वक्त्यांनी नव्हे, उष्णतेने लावला. ३.८ गिगाहर्ट्झच्या चिपेतून ११५ वॅटपर्यंत उष्णता बाहेर काढण्याची सोय करावी लागे. मे २००४ मध्ये इंटेलने पुढील टेहास चिप रद्द केली. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा बेतही सोडला. त्याबद्दल प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका सभेत विनोदाने गुडघे टेकून क्षमा मागितली. त्याच वर्षी चिपांच्या नावांतून गिगाहर्ट्झ गेले आणि ३.६ गिगाहर्ट्झची पेंटियम चार "५६०" या क्रमांकाने विकली जाऊ लागली.

तोवर इंटेलच्याच इस्रायलमधील हैफा येथील मंडळींनी मांडीवरच्या संगणकांसाठी निराळा मार्ग धरला होता. मार्च २००३ मधील त्यांची पेंटियम एम १.६ गिगाहर्ट्झवर चाले, थोडी वीज खाई आणि पुष्कळ अधिक ठोक्यांच्या पेंटियम चारशी बरोबरी करी. तिच्याच वंशातील कोअर ड्युओ जानेवारी २००६ मध्ये एका कंपनीने आपल्या घरगुती यंत्रांत बसवली. ती कंपनी होती अ‍ॅपल. आणि त्यांतील स्वस्त यंत्राचा आकडा होता १.८३ गिगाहर्ट्झ, म्हणजे साडेचार वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला हिणवलेल्या पेंटियम चारपेक्षा किंचितच अधिक.